पोटात वशट असताना

हात पडला. वस्तरा पडला नाही, तो मुठीतच होता, हातच पडला. पोशेट्टीच्या कानाखालच्या फेसातून वस्तरा सरळ खाली येत होता आणि मधेच माझा उजवा हात खांद्यापासून सुटल्यासारखा खाली गेला, जाता जाता त्याच्या जबड्यावर एक तिरकी रेघ ओढून गेला. पांढऱ्या फेसात लाल पसरलं. पोशेट्टी "अम्मा!" करून उठला, गळ्यातलं फडकं गालावर दाबलं आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "माझ्या बायकोनं फितवलं का रे तुला?" एरवी मी उलट टोला हाणला असता. पण मी हाताकडे बघत होतो. त्याला म्हणत होतो, वर ये. तो येत नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मांडीपाशी लोंबत होता. मग हळूहळू मुंग्या आल्या, बोटं हलली, मी डाव्या हाताने वस्तरा सोडवून घेतला. माझ्या खुर्चीत कधी रक्त निघालंच नाही असं नाही, पुटकुळ्या कुणाला नसतात; पण माझ्या हाताच्या चुकीने कधीच नाही. आणि निघालं ते कुणाचं, तर पोशेट्टीचं, जो माझ्या दुकानाला लागून सायकली दुरुस्त करतो आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीत बोंब मारणार.

"जा समोर," पोशेट्टी म्हणाला. तुरटीचा खडा त्याने स्वतःच उचलून गालावर फिरवला. "दवाखाना काय अमेरिकेत आहे? रस्ता तर ओलांडायचा."

"तूच जा. गाल तुझा कापलाय."

"मी जाणारच आहे दुपारी, माझ्याही गोळ्या संपल्यात. पण तू चल. हात बघ की तुझा."

"माझ्या हाताची काळजी करू नकोस. जा, सायकलींना चेनी घाल."

समोर! हे 'समोर' किती दिवस माझ्या डोक्यावर बसलंय. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून, भिंतीवर आरसा, आणि आरशात गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे दवाखान्याचं दार. कुणाचंही डोकं भादरायला घेतलं की पाठीमागे ते दार आहेच. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कोण पदराखाली गोळ्यांचं पाकीट लपवून चाललंय, सगळं मला दिसतं. आणि मला दिसतं तसं इतरांनाही दिसतं, हे मीही त्या दारातून जायला लागलो तेव्हा लक्षात आलं. ते दार आधी आमच्या समाजघराचं होतं. हैदराबादेतल्या या वस्तीत अंगण कुणाच्या बापाला आहे? सगळी लग्नं तिथेच व्हायची. माझ्या पोरीच्या, गंगामणीच्या लग्नाची पंगत त्याच फरशीवर उठली. मग एक दिवस सरकारी माणसं आली, भिंतींना निळा रंग फासला, दोन बाकडी टाकली. एका भिंतीला प्रेशरवाले, दुसऱ्या भिंतीला साखरवाले. आता लग्नांचे मांडव रस्त्यावर पडतात आणि वऱ्हाड गटारावर फळ्या टाकून जेवतं. लोकांना विचारून केलं म्हणे. मीटिंग झाली म्हणे. झाली असेल भर धंद्याच्या वेळेला, मी कुणाच्या तरी बगला साफ करत असताना.

तरी मी गेलो होतो, बरं का. मला कुणी आडमुठा म्हणू नये. अंदालूने, माझ्या बायकोने, डोकं खाल्लं म्हणून गेलो. आमच्या धंद्यात मंगळवारी वस्तरा उचलत नाहीत, म्हणून माझी सुट्टी मंगळवारी आणि माझा दवाखानाही मंगळवारीच. डॉक्टरीण पोरसवदा, किनाऱ्याकडची, भीमावरमची. "सायन्ना गारू, या, बसा सायन्ना गारू." तिकडचे लोक नावापुढे गारू लावून माणसाला आधी खुर्चीत बसवतात आणि मग सावकाश सोलतात. पहिल्या मंगळवारी तिने दंडाला पट्टा बांधला, प्रेशर चढलेलं निघालं, गोळी दिली. पुढच्या महिन्यात मंगळवारी पुन्हा चढलेलं. गोळी मोठी केली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, एकाच्या दोन गोळ्या झाल्या. आणि या आषाढात, बोनालूच्या जत्रेनंतरच्या मंगळवारी, तिने यंत्राकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि पेन टेबलावर आपटलं. "सायन्ना गारू, तुम्ही रविवारी पिता. तिकडे प्यायचं आणि इथे येऊन माझ्या गोळ्यांना नावं ठेवायची." हळू बोलली नाही. दोन्ही भिंतींची बाकडी ऐकत होती.

मी पितो! माझा धाकटा भाऊ ताडीच्या गुत्त्यात बसून बसून मेला. त्याच्या तिरडीला खांदा दिला त्या दिवसापासून मी थेंबाला शिवलो नाही, लग्नात नाही, मयतात नाही. हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. आणि सगळी वस्ती बाकड्यांवर बसून छताचा पंखा बघत होती. साखरवाल्यांच्या बाजूने कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "अम्मा, मी पीत नाही." ती म्हणाली, "सगळे हेच सांगतात." आणि ती नर्स, सलोमी, मला 'आजोबा' म्हणते, माझे केस अजून काळे आहेत तरी आजोबा, ती म्हणाली, "उठा आजोबा, मागे लाइन आहे." अशी तिडीक गेली डोक्यात! घरी येऊन दोन तांबे पाणी डोक्यावर ओतलं तरी उतरेना. त्या दिवसापासून त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. गोळ्या अंदालू आणते आणि मी घेतो. गोळीशी माझं भांडण नव्हतं. निदान आज सकाळपर्यंत नव्हतं.

पोशेट्टी गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं. पाण्याचं मडकं मोरीत रिकामं केलं, बाकावर पालथं घातलं आणि त्याच्या बुडाला ब्रशने फेस लावला. बापाने मला असंच शिकवलं होतं. मडक्यावरचा फेस मडक्याला कळू न देता निघाला पाहिजे, म्हणायचा. खर्र आवाज आला की पाठीत धपाटा. मोठा झाल्यावर पुन्हा मडकं भादरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण रविवारी नातवाचं जावळ आहे. गंगामणी सिद्दीपेटहून पोराला घेऊन येणार, पोचम्माच्या देवळापुढे त्याला मांडीवर घेऊन बसणार आणि पहिला वस्तरा मी लावणार. माझं जावळ माझ्या आजोबांनी काढलं, गंगामणीचं माझ्या बापाने. आमच्यात हे दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. पोराची टाळू अजून लपलपते. गेल्या खेपेला मी तिच्यावर बोट ठेवून बसलो होतो, बोटाखाली जीव हलत होता.

पहिली रेघ छान निघाली. दुसरीही. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलास, उन्हाचं झालं असेल, पोट बिघडलं असेल. तिसऱ्या रेघेला मनगट वळायला हवं तिथे वळलं नाही. खर्र झालं. पातं मडक्यात रुतलं आणि लाल मातीचा एवढा थोरला ओरखडा निघाला. मी त्या ओरखड्याकडे बघत उभा राहिलो. मी घाबरलो. कशाला खोटं बोलू. मी नाही काढलं तर जावळ काढायला मेन रोडवरचा नरसिंग येणार, एसीत बसून मशीन फिरवणारा, ज्याला वस्तऱ्याची धार अंगठ्यावर बघता येत नाही. त्याचा हात माझ्या नातवाच्या टाळूवर! त्यापेक्षा पोराचे केस कमरेपर्यंत वाढू देत.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गोळ्या! तिच्या त्या वाढवत नेलेल्या, एकाच्या दोन केलेल्या, पथ्य न सांगता दिलेल्या गोळ्या. माझी आई पेंटम्मा सुईण होती. आमच्यात न्हाव्याची बायको म्हणजे सुईण, ठरलेलंच. इथली निम्मी डोकी माझ्या बापाने भादरली आणि तीच डोकी आधी माझ्या आईने बाहेर ओढून काढली. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून तिला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उकिरडा म्हणजे पेंट, म्हणून नाव पडलं पेंटम्मा. उकिरड्यावरची ती, पण काविळीपासून गळवापर्यंत तिचं औषध चालायचं. आणि ती आधी पथ्य सांगायची, मग औषध द्यायची. वांगं नको, चिंच नको, आणि वशट तर अजिबात नको. पोटात मटण असताना औषध गेलं की दोघांची पोटात मारामारी होते आणि मरतो माणूस, असं ती शपथेवर सांगायची. एकदा वशट खाल्लं की ते उतरायला दुसरा दिवस मावळावा लागतो. हे मला अक्षर ओळखायच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मी डॉक्टरणीला विचारलं होतं, "पथ्य काय पाळायचं?" तर म्हणते, "मीठ कमी, लोणचं कमी. बाकी सगळं खा." सगळं खा! ही कसली डॉक्टरीण? माझ्या आईकडे कुणी ठेच लागून आलं तरी ती तीन जिन्नस बंद करायची. मी समजलो, हिला शिकवायचं राहून गेलंय. मग माझं पथ्य मीच ठरवलं. आमच्याकडे रविवारी चुलीवर वशट नसेल असं होत नाही. तेव्हा रविवारी गोळी बंद. सोमवारी ते पोटातून उतरेपर्यंत बंद. मंगळवारी आंघोळ करून, दवाखान्यात जाऊन आलो की पुन्हा चालू. बोनालूत बकरा कापतात, पाहुणे हलत नाहीत. तेव्हा तर आठवडाभर बंद. असं मी पाळलं म्हणून निभावलो. आज सोमवार, काल कोंबडी होती, म्हणजे कालपासून पोटात गोळी नाही, आणि तरी हात पडला. किती जहाल असेल ती! अंगात भिनून बसली आणि नेमका हात धरला.

दुपारी अंदालू डबा घेऊन आली. शटर अर्धं बघून वाकून आत शिरली, मडकं बघितलं, फेस बघितला, काही विचारलं नाही. पोशेट्टीने आधीच बोंब मारली होती तर. भात, आंबाड्याची भाजी. मी कालवायला लागलो. घास तोंडापाशी गेला आणि भात मांडीवर सांडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातातून ताट ओढून घेतलं.

"चला."

"कुठे?"

"सासरी. कुठे म्हणजे? समोर."

"त्या बाईचं मी तोंड बघणार नाही."

"मग मलाच ती खुर्ची चालवायला शिकवा. रविवारी मी काढते पोराचं जावळ." मग तिने माझ्या मांडीवरचा भात झाडला. "अहो, घास पडतोय तुमच्या हातातून. कुणावर रुसून बसलाय?"

"येतो. पण दाखवायला येत नाही. गोळ्या तिच्या तोंडावर फेकायला येतो."

"तोंडावर फेका, पायावर फेका, पण चला."

म्हणून मी रस्ता ओलांडला. उजवी चप्पल दोनदा निसटली. चप्पलच जुनी आहे. आत प्रेशरवाल्यांचं बाकडं भरलेलं, त्यात गालावर पट्टी लावून पोशेट्टी बसलेला, मला बघून एवढं तोंड झालं त्याचं. सलोमी म्हणाली, "आजोबा, आधी टोकन." मी म्हटलं, "तुझं टोकन घाल चुलीत," आणि सरळ टेबलापाशी गेलो. खिशातली गोळ्यांची पट्टी उजव्या हाताने काढता येईना, डाव्याने काढली आणि तिच्या पुढ्यात टाकली.

"घ्या. तुमच्या गोळ्यांनी माझा हात घेतला."

डॉक्टरणीने वर बघितलं. डोळ्यांखाली काळं, समोर माणसांची रांग. "सायन्ना गारू, आरडाओरडा करायचा असेल तर बाहेर. दोन महिने तुम्ही फिरकला नाहीत."

"फिरकू कशाला? दारुडा म्हणवून घ्यायला? यांच्यासमोर बोललात ना, आता यांच्यासमोर ऐका. मी पीत नाही. आणि तुम्ही पथ्य सांगितलं नाहीत तरी माझ्याइतकं पथ्य या खोलीत कुणी पाळत नाही! रविवारी वशट खाल्लं की मी गोळीला हात लावत नाही. सोमवारी नाही. मंगळवारी इथून घरी गेलो की मगच. एकदा चुकलो नाही. बोनालूत तर आठवडाभर शिवलो नाही. आता बोला!"

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. सलोमीच्या हातातला पट्टा एका बाईच्या दंडावर तसाच फुगलेला राहिला, ती बाई "अगं, सोड" म्हणाली तेव्हा सुटला.

"म्हणजे इथे मंगळवारी यायचात तेव्हा," डॉक्टरीण सावकाश म्हणाली, "पोटात गोळी नसायची."

"कशी असेल? वशट असायचं ना."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून माझं मला बघावं लागलं."

ती उठली. बाकड्याकडे वळली. ते गारूबिरू सगळं गळून गेलं होतं. "इथे आणखी कोण असं करतं? वशट खाल्लं की गोळी बंद?" सगळे पुन्हा पंखा बघायला लागले. मग पोशेट्टी, ज्याला गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही, तो म्हणाला, "अम्मा, बकरा पोटात असताना गोळी कोण घेईल? मरायचंय का?" आणि एकेक मान हलायला लागली. सगळं बाकडं. साखरवाल्यांचंसुद्धा. डॉक्टरीण टेबलाच्या कडेला टेकली. तिचा चेहरा बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तीही आता सगळ्यांसमोर उभी होती.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"तुम्ही विचारलंत कुठे?" मी म्हटलं. "तुम्ही तर मलाच सांगितलंत, मी पितो म्हणून."

मी वाट बघत होतो. ती चुकले म्हणेल, आणि त्या दिवशी बोलली होती तेवढ्याच मोठ्याने म्हणेल, त्याशिवाय मी खुर्चीत बसणार नव्हतो. पण तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, ओठांच्या एका कोपऱ्याकडे, तिथे काही लागलंय का म्हणून मी पुसून घेतलं. "बसा," ती म्हणाली. अंदालूने मला खांद्याला धरून बसवलं. सलोमीने दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. यंत्रातला आकडा तिने मला सांगितला नाही, डॉक्टरणीकडे नुसतं बघितलं. आणि तिला आजोबा म्हणायचंही सुचलं नाही.

"सायन्ना गारू, डोळे मिटा. दोन्ही हात समोर धरा, तळवे वर. मी सांगेपर्यंत तसेच ठेवा."

धरले. तिला काय वाटलं, मला हात धरता येत नाही? तासन्‌तास हवेत धरलेले हात आहेत हे. डोळे मिटल्यावर फिनेलचा वास आला आणि त्याखाली गंगामणीच्या लग्नातल्या पंगतीचा वास आला, खोटं वाटेल, पण आला. मला रविवार दिसत होता. पोर भोकाड पसरणार, अंदालू खुळखुळा वाजवणार, मी डाव्या तळव्यात डोकं धरणार आणि उजव्या हाताने कानाच्या मागून सुरुवात करणार, टाळूपाशी आल्यावर श्वास धरून. दोन्ही हात समोर, एका पातळीत, बापाने शिकवले तसे. बघून घे म्हणावं. मग माझ्या बाजूला बांगड्या वाजल्या आणि अंदालूच्या तोंडातून बारीक आवाज आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात वर ठेवा, सायन्ना गारू."

"वरच आहेत."

बाकडं करकरलं, कुणीतरी उठलं.

"वरच आहेत की दोन्ही!" मी ओरडलो.

"सायन्ना," बाकड्यावरून पोशेट्टी म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, "डोळे उघड रे."

मी उघडले. डावा हात समोर होता. उजवा केव्हाच मांडीवर येऊन पडला होता.

डॉक्टरीण फोनवर बोलत होती, गाडी पाठवा, आत्ता, मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, नाही, थांबता येणार नाही. अंदालू माझ्यापुढे जमिनीवर बसली होती, माझा उजवा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरलेला, आणि तो धरलाय हे मला फक्त दिसत होतं. मी तिला म्हटलं, मेन रोडच्या नरसिंगला निरोप दे, रविवारी ये म्हणावं. मशीन आणू नकोस म्हणावं. माझा वस्तरा आतल्या खणात आहे, तो दे त्याला. आणि टाळू अजून मऊ आहे पोराची, तिथे सांभाळून म्हणावं. मी अगदी स्वच्छ सांगितलं, एकेक शब्द तोडून. अंदालूने कान माझ्या तोंडाशी आणला.

"काय म्हणताय?" ती म्हणाली. "कळत नाही हो मला. काय म्हणताय?"